काय विशेष?

दुपारी ताईचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात मातीत होते. नाकाने कसाबसा स्पीकर लावला. "काय चाललंय?" "काही नाही गं." "काय विशेष?" "विशेष काहीच नाही." मग इकडचं तिकडचं बोललो, फोन ठेवला. तेव्हापासून ते 'काही नाही' मानेवर बसलेल्या माशीसारखं झालंय. हाकललं की उडतं, परत तिथेच येऊन बसतं.

कारण चाललं होतं बरंच काही. ऊन उतरणीला लागलंय, दिवस आखूड होतायत, आणि माती सध्या अशी आहे की मुठीत दाबली तर गोळा होतो, बोटाने टोचला तर भुसभुशीत सुटतो. हे असे चार-आठ दिवसच मिळतात. त्याआधी चिखल असतो, नंतर ढेकळं. यंदा वाफा मी एकटीने खणला. (त्याबद्दल नको.) दोन गांडुळं निघाली, त्यांना बाजूला सारून परत झाकलं. मग लसणाचे गड्डे फोडले. लावायला बाहेरच्या जाड पाकळ्या घ्यायच्या, आतल्या किडमिड्या ठेवून द्यायच्या. साल सोलायची नाही, बुडखा खाली, शेंडा वर. दोन बोटं खोल, दोन पाकळ्यांत चार बोटं अंतर. ५२ झाल्या. पुढे पुरेशी थंडी मिळाली नाही तर गड्ड्यात पाकळ्याच पडत नाहीत, छोट्या कांद्यासारखा एकसंध गोळा निघतो. म्हणून ही लावणी आत्ताच करायची.

शेजारच्या पट्टीत धणे. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया असतात. फळीखाली हलके रगडून त्याच्या फाका करायच्या, जोर जास्त झाला तर भुगा. ती रगडताना होणारी बारीक करकर मला इतकी आवडते की गरजेपेक्षा मूठभर जास्तच रगडले.

आणि हे सगळं करताना डोक्यात होतं आतल्या टेबलावरचं नवं पुस्तक. काल आलं. अजून वाचलेलं नाही, नुसतं उघडलंय. तेही बाबांच्या पद्धतीने: कणा टेबलावर टेकवायचा, थोडी पानं पुढची पाडायची, थोडी मागची, परत पुढची, असं करत मध्यावर यायचं. एकदम मधोमध फाकवलं तर पाठ मोडते. शाईचा वास नाकात जाईपर्यंत पान जवळ धरलं. ३०४ पानं, म्हणजे सोळा पानांचे १९ फर्मे. रोज रात्री एक फर्मा, एकापेक्षा जास्त नाही, असं स्वतःला बजावलंय. पाळलं जाणार नाही.

तर हे एवढं सगळं, आणि मी म्हणाले काही नाही.

का म्हणाले? तासाभरापूर्वी मी याचं उत्तर असं लिहिलं होतं की माझ्या आनंदाला कुणाच्या लेखी किंमत नाही, लोकांना बढती, प्रवास, नवं घर यातलं काही सांगितलं तरच कान टवकारतात, 'मी ५२ पाकळ्या लावल्या' यावर कोण काय म्हणणार. आणखीही बरंच होतं, त्यात 'एकाकी' हा शब्द दोनदा आला होता. वाचलं, आणि हसूच आलं. ताईने विचारलं होतं की! एकदा नाही, दोनदा. दार उघडून उभी होती बिचारी, मीच आतून कडी लावून घेतली.

मग ते दडवलं का? मला वाटतं सांगितलं असतं तर तिने "हो का, छान" म्हटलं असतं, आणि त्या 'छान'ने माझी दुपार फोडलेल्या गड्ड्यासारखी सुटी सुटी झाली असती. की याच्या उलट? तिने नीट विचारलं असतं, किती लावल्या, यंदा खणलं कुणी, आणि मग त्या दुसऱ्या प्रश्नाचं... असो.

आता आठवतंय, फोनवर तिच्या मागे सतत काहीतरी आवाज येत होता. खर्र, थांबून परत खर्र. पॉलिश पेपरचा असावा. मीही रिवाजाने विचारलं, "तुझं काय?" ती म्हणाली, "माझंही तेच, काही नाही." आणि मी ते जसंच्या तसं मान्य करून टाकलं. अकरा मिनिटं बोललो आम्ही. कुणाचा गुडघा, कुणाचं बिल, कुणाच्या मुलाचे दात. दोघी सख्ख्या बहिणी, आपापल्या हातातलं काम पाठीमागे लपवून.

काय घासत होती कोण जाणे. ती जुनी खुर्ची तर नव्हे?

पहिला फर्मा संपला. दुसऱ्याचीही आठ पानं झाली. एका कोपऱ्यावर अंगठ्याएवढा मातीचा डाग पडलाय, हात धुतले होते तरी. पुसला तर पसरेल, राहू दे.

एक गोष्ट मात्र राहून राहून टोचतेय. शेवटची ओळ मी फोनवर बोलता बोलता लावली, आणि तेव्हा शेंड्याकडे लक्ष होतं की नव्हतं, खात्रीने सांगता येत नाही. उलटी गेलेली पाकळीही उगवते, कोंब मान वळवून वर येतो, फक्त गड्डा वाकडातिकडा होतो. तेव्हा एवढ्या रात्री उठून उकरून बघायचं काहीच कारण नाही.

टॉर्चमध्ये सेल आहेत का ते बघते.