किती झाल्या?

गेल्या श्रावणातली दुपार. जेवणाच्या टेबलावर पिंपळगावच्या एका द्राक्षबागायतदाराच्या बिलांचा पसारा मांडून बसले होते. कुकर लावलेला. नवरा ओट्यापाशी फोनमध्ये डोकं घालून उभा. त्याच्याकडे एवढंच काम होतं, तीन झाल्या की बंद करायचा. थोड्या वेळाने त्यानेच तिथून विचारलं, "किती झाल्या गं?"

"अहो, तिथे तुम्ही उभे आहात. झाल्या तीन."

"दोनच. एक वरच्या काकूंची होती."

हे मात्र खरं असू शकत होतं. आमच्या इमारतीत सगळ्यांची स्वयंपाकघरं एकाच डक्टवर उघडतात. अकरा ते साडेबारा त्या डक्टमध्ये इतक्या शिट्ट्या होतात की त्यापुढे नाशिकरोड स्टेशन शांत वाटावं. कुणाची शिट्टी कुणाच्या खात्यात जमा होते, देव जाणे. त्या दिवशी माझ्या सांगण्यावरून गॅस बंद केला आणि डाळ टणक निघाली. मी अर्थातच डाळ जुनी आहे म्हणाले. पण रात्री शंभर पानी वही काढून रकाने आखायला बसले.

ही मोजायची खोड लहानपणची. पांडवलेणीला गेलो की मी आणि भाऊ पायऱ्या मोजत चढायचो. वर पोचल्यावर त्याचा आकडा वेगळा, माझा वेगळा. उतरताना पुन्हा मोजायचो, तर दोघांचेही आकडे बदललेले. मग मधला सपाट चौथरा पायरी धरायचा की नाही, यावर खाली उसाच्या रसाच्या गाडीपर्यंत भांडण. आई म्हणायची, लेणी बघितलीत का रे? लेणी कोण बघतंय!

कुकर घरात आला तेव्हा आम्ही गावातल्या वाड्यात राहत होतो. गावात म्हणजे जुन्या नाशकात, हे नाशिककरांना सांगायला नको. भांडी बाजारातून आणलेला तो कुकर पहिले काही दिवस कपाटावरच होता, कारण आजी त्याला बॉम्ब म्हणायची. नंतर तो रोजचा झाला आणि माझ्यामागे काम लागलं. आई खाली नळावर जायची आणि जाता जाता सांगायची, "तीन झाल्या की बंद कर." मी खिडकीत पुस्तक घेऊन बसलेली. पहिली ऐकू यायची. दुसरीपर्यंत गोष्टीतला मुलगा विहिरीत उतरलेला असायचा. मग एकदम भानावर यायचं, आत्ता झाली ती दुसरी की तिसरी? वाड्यात विचारायचं कुणाला? मी अंदाजाने बंद करायचे आणि आईला ठणकावून तीन सांगायचे. आई झाकण उघडायची, तुरीचा एक दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "ही दोनची डाळ आहे." कधी चुकली नाही. तेवढ्या आत्मविश्वासाने मी आजवर एकही ताळेबंद सही केलेला नाही.

तर वही. तारीख, कुकर कधी लावला, आत काय, पहिली कधी, दुसरी कधी, तिसरी कधी, डाळ मोडली की नाही. शेवटचा रकाना मुद्दाम घातला, "मोजणाऱ्याच्या मते किती." पुरावा म्हणून फोन ओट्यावर ठेवून रेकॉर्डिंग चालू करायचं. गॅस बंद झाला की ज्याच्यावर जबाबदारी होती त्याला विचारायचं आणि मग रेकॉर्डिंग ऐकायचं. नवरा म्हणाला, "हे घर आहे की सीसीटीव्ही?" पण त्यालाही उत्सुकता होती. नंतर नंतर मी कामात असले की वेळ तोच लिहून ठेवायचा, आणि अक्षर माझ्यापेक्षा बरं काढायचा.

पहिल्याच आठवड्यात पांडवलेणीचा चौथरा पुन्हा आडवा आला. शिट्टी कशाला म्हणायचं? कुकरकडे इतक्या जवळून मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आधी वजनाखालून पाण्याचा एक थेंब येतो, तापल्या झाकणावर चर्र होतो आणि उडून जातो. मग दुसरा. मग ते वजन थरथरायला लागतं, जागच्या जागी, एखाद्या म्हाताऱ्याची मान हलावी तसं. एक लांबलचक फुस्स येतं. वजन उचललं जाणार असं वाटतं आणि बसतं. ही शिट्टी का? नवऱ्याच्या मते नाही. माझ्या मते अर्धी. शेवटी नियम केला, वजन उचललं गेलं पाहिजे आणि आवाज हॉलमध्ये ऐकू आला पाहिजे. फुस्स बाद.

मार्गशीर्षापर्यंत ४३ कुकर भरले. त्यातल्या १७ वेळा मोजणाऱ्याने सांगितलेला आकडा चुकीचा निघाला. या १७ पैकी ११ चुका माझ्या, हे मी घरात जाहीर केलेलं नाही. गंमत अशी की मी चुकले की एक जास्त सांगते, आणि तो चुकला की एक कमी. मला उरकायची घाई, त्याला ओट्यापासून हलायचा कंटाळा. दोघांची सरासरी काढली तर उत्तर बहुतेक बरोबर येतं. लग्नाच्या वेळी पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींना हेच दिसलं असावं.

वहीमुळे कुकरची माहितीपुस्तिकाही शोधली. माळ्यावरच्या पिशवीत, वॉरंटी कार्डासकट. तिच्यात शिट्ट्यांचा हिशेबच नाही! प्रेशर पुरेसं आलं की आच बारीक करायची आणि तिथून मिनिटं मोजायची, असं लिहिलंय. बरोबरच आहे. आच मोठी ठेवली तर आमच्याकडे दोन शिट्ट्यांत पाऊण-एक मिनिटाचं अंतर पडतं. बारीक केली तर दुसरी यायलाच पाच मिनिटं. म्हणजे तीन शिट्ट्या हे माप रबराच्या फूटपट्टीसारखं, ताणावं तेवढं ताणतं. डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली हाडंसुद्धा मऊ करणारं वाफेचं भांडं लंडनमध्ये दाखवलं. ते फुटू नये म्हणून वजनाची झडपही त्यानेच बसवली. ती झडप वाफ सोडायला होती. तिच्या आवाजावर घड्याळ लावायची कल्पना मात्र आपल्याकडच्या आयाबायांची असणार. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांनाच उकळून जातं. कुकरच्या आत ते १२० च्या आसपास जातं आणि डाळ शरण येते. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग आपल्या चहाला चव का येत नाही ते कळलं."

पहिल्या शिट्टीची वाट बघणं हे एक वेगळंच काम आहे. लांब जाता येत नाही, दुसरं काही धरता येत नाही. त्या आठ-नऊ मिनिटांत मी कापरेकर करते. देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे मास्तर होते, १९३० ते १९६२. आकड्यांशी खेळायचा नाद. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतो आणि मग हलत नाही. मी कुकर लावल्याची वेळ घेते. ११:४२ ला लावला, तर ४२११ वजा ११२४, ३०८७. मग ८७३० वजा ३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. तीन पायऱ्या, आपल्या शिट्ट्यांइतक्याच. एकदा ११:३७ ला लावला होता. ७३११ वजा ११३७, पहिल्याच फटक्यात ६१७४! त्या दिवशी भातही सुटसुटीत झाला होता. अकरा वाजून अकरा मिनिटांनी मात्र कुकर लावू नये, हाती शून्य येतं. कापरेकरांनी काही आकड्यांना चक्क देवळाली संख्या असं नाव देऊन ठेवलंय. आपल्या गावाचं नाव आकड्याला देणारा माणूस मला फार आपला वाटतो.

वहीतून निघालेली एक गोष्ट मला मनापासून आवडली. श्रावणात पहिली शिट्टी सरासरी नऊ मिनिटांनी होत होती. मार्गशीर्षात दहा मिनिटं ओलांडून गेली. भांडं तेच, शेगडी तीच, डाळ-तांदळाचं माप तेच. नळाचं पाणी गार झालं होतं, एवढंच. स्वेटर कपाटातून निघाले नव्हते तेव्हापासून थंडी वहीत येऊन बसली होती, हळूहळू, सेकंदासेकंदाने सरकत. मी नवऱ्याला आलेख काढून दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "गिझर लावायला हवा."

दुसरी एक गोष्ट निघता निघता राहिली. टाकीत बोअरचं पाणी आलं की डाळीला दोन शिट्ट्या जास्त लागतात असं दिसत होतं. पाणी जड असलं की डाळ लवकर शिजत नाही हे खरंच आहे, त्यामुळे मी खूश. पण नीट पाहिलं तर बोअरचे दिवस चारच होते, आणि त्याच आठवड्यात डाळीचं पाकीट बदललं होतं. आता दोष पाण्याचा की पाकिटाचा? सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, दोन जास्त दे आणि जेवायला वाढ.

मापं आपल्याकडे अशीच असतात म्हणा. त्याच पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की बातम्यांत क्युसेकचे आकडे यायचे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या थोडं वर. अशा हजारोंचं चित्र कुणाच्या डोळ्यांपुढे येतं? नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि तिच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. फोनवर विचारतात, "दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलं?" गुडघ्याला म्हटलं की बघायला जायचं. कमरेला म्हटलं की गंगेकाठच्या दुकानदारांनी माल हलवायला घ्यायचा. छातीच्या वर गेलं की गावातल्या नातेवाइकांना फोन करायचे. सरकारवाड्याच्या पायऱ्या हे दुसरं माप. आई १९६९ च्या पुराचं सांगायची तेही याच मापांत. २००८ च्या सप्टेंबरात भांडी बाजारात पाणी शिरलं तेव्हा मी इंदिरानगरात, गंगेपासून लांब, भावाला सारखी एकच गोष्ट विचारत होते. त्याने मारुतीचं नाव घेतलं आणि मला सगळं कळलं.

पण मी सांगत होते वरच्या काकूंचं.

आपल्या शिट्ट्या खऱ्या मोजायच्या तर परक्या ओळखून वजा करायला हव्यात. म्हणून वहीच्या उजव्या बाजूला "परक्या" असा एक रकाना होता. महिन्याभरात इमारत कानाने ओळखू लागले. तळमजल्यावरची भसाडी, मोठ्या कुकरची, रविवारी सहा-सात. समोरच्यांची सकाळी आठलाच, डब्याची. आणि वरच्या काकूंची किरटी, पातळ, दोन लिटरच्या कुकरची. एकटं माणूस. बारा वाजायला दहा कमी असताना एक, आणि लगेच दुसरी. मग शांत. महिन्यातून दोन दिवस काही नाही. त्या दिवशी मी आईच्या दुधाच्या हिशेबासारखी फुली मारायचे आणि खाडा लिहायचे. दोन महिने झाल्यावर कॅलेंडर पडताळून पाहिलं. एखादा सोडला तर सगळे खाडे एकादशीचे.

मग एका मंगळवारी बारा वाजून गेले, सव्वाबारा, साडेबारा, वरून काही नाही. कॅलेंडर पाहिलं. एकादशी नव्हती. अंगारकीही नव्हती. बिलं बाजूला सारून पुन्हा कान दिला. डक्टमधून तळमजल्याचा मिक्सर तेवढा ऐकू येत होता. रिकामा रकाना इतका मोठा दिसायला लागला की पेन ठेवलं आणि वर गेले. जिना चढताना पायऱ्या मोजल्या नाहीत.

बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दार उघडायला वेळ लागला, तेवढ्यात काय काय मनात येऊन गेलं ते सांगत नाही. काकू हातात झारा घेऊन उभ्या. "काय गं, घाबरलेली दिसतेस?"

"कढीपत्ता आहे का विचारायला आले."

"कुंडी तर तुझ्या बाल्कनीत आहे."

मग सांगावं लागलं. त्यांच्या कुकरची रिंग गेली होती. कडेने नुसती वाफ जात होती, शिट्टी होईना, म्हणून त्या पातेल्यात डाळ उकळत बसल्या होत्या. मी म्हटलं, संध्याकाळी गावात जाणार आहे, रिंग आणते. त्या म्हणाल्या, "ते आण. पण आधी ती वही आण."

चष्मा लावून त्यांनी स्वतःचा रकाना बोट फिरवत वाचला. कुणाला चोरी पकडल्यावर वाटेल तसं मला वाटत होतं. एका गुरुवारवर बोट थांबलं. "हा खाडा चूक आहे. मी वरण-भात केला होता. तुझा मिक्सर चालू असणार." मी खोडलं आणि बाजूला सही केली.

आता त्यांची रिंग नवी आहे, आवाज पूर्वीपेक्षा खणखणीत. आमचे कुकर मोजणं संक्रांतीनंतर थांबलं. नवऱ्याने वहीच्या मागच्या पानांवर सिलिंडरच्या तारखा लिहायला सुरुवात केलीय. काल दुपारी भांडी घासत होते, तर डक्टमधून वरून हाक आली, "अगं, ऐकतेस का? उद्या मी पुण्याला चाललेय लेकीकडे. चार दिवस खाडे मांड."

हात पुसले आणि मांडले.