तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्री माजावर आणायची गोळी

"मॅडम, फिमेल हीटवर येत नाहीये, गोळी लिहून द्या ना." लातूरला दवाखाना चालवते; हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच नीट लिहून टाकते. हो, गोळी आहे. कॅबरगोलिन. बाळंतिणीचं दूध आटवायला देतात तीच. शरीरातलं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, ती दाबते आणि दोन माजांमधला लांबलचक विसाव्याचा काळ लवकर संपतो. बऱ्याच माद्या महिन्याभरात माजावर येतात. तरी मी सहजासहजी देत नाही, यावरच तुमचा राग.

गाईला इंजेक्शन चालतं, मग कुत्रीला का नाही, असं तुम्ही म्हणता. गाय दर 21 दिवसांनी माजावर येते. तिच्या बीजकोशावरचा, पुढचा माज थोपवून धरणारा पिवळा पिंड इंजेक्शनने विरघळला की दोन ते पाच दिवसांत माज दिसतो, कारण पुढचं चक्र तयारच असतं. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. मधल्या काळात बीजकोश शांत असतो आणि तेव्हाच गर्भाशयाचं अस्तर भरून येतं. त्याला साडेचार-पाच महिने लागतात. ते होऊ न देता घाई केली तर मादी नराला उभी राहील, गाभण राहीलच असं नाही.

आणि "येत नाही" म्हणून आणलेल्या कित्येक माद्या मुळात येऊन गेलेल्या असतात.

एका लॅब्रेडॉरचं सांगते. अंगाने भरलेली, घरात सगळ्यांची लाडकी. संध्याकाळी तिला ओम्नीत घालून आणलं तेव्हा खालची चादर हिरवट-काळ्या स्रावाने भिजली होती. "हीटवर यावी म्हणून गोळ्या चालू केल्यात, पण हे असं कसं?" म्हणत मालकांनी शर्टाच्या खिशातून स्ट्रिप काढली. अर्ध्या मिलिग्रॅमची, माणसांची. कुणा पिल्लं विकणाऱ्याने नाव सांगितलं, मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता दिली. किलोमागे 5 मायक्रोग्रॅम धरले तर तिच्या 30 किलोंना दिवसाला 150 पुरतात. ते रोज 500 देत होते. पण घात नुसत्या मात्रेने केला नव्हता. सोनोग्राफीत तीन पिल्लं दिसली, एकाचंही काळीज हलत नव्हतं. कुत्रीचं गाभणपण साधारण 63 दिवसांचं. त्यातला दुसरा अर्धा प्रोलॅक्टिनच्या आधारावर टिकतो, आणि गोळी नेमका तोच आधार काढून घेते.

मालक पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पण ती हीटवर आलीच नव्हती हो." मग वहिनी हळूच बोलल्या, शेजारचा मोती एकदा कंपाउंडवरून आत आला होता. मुका माज होता, म्हणजे बाहेरून लक्षात न येणारा. रक्त थोडंसं गेलं असणार, तेही तिने चाटून साफ केलेलं. रात्रभर एकेक पिल्लू पडत राहिलं आणि ती प्रत्येकाला चाटून उठवायला बघत होती. ते पुढे कुणाला समजावून सांगताना माझा आवाज चढतो, तर चढू दे. गोळी सुरू करण्याआधी एक सोनोग्राफी झाली असती तर हे टळलं असतं. तपासण्या मी फीसाठी सांगते असं म्हणणाऱ्यांनी त्या रात्री तिथे असायला हवं होतं.

कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मी इथेच थांबले असते: औषध नकोच, मादीला पिल्लं व्हायलाच हवीत असं काही नसतं. ते आजही खरंच आहे. पिल्लं न होण्याने तिचं काही अडत नाही. पण आमच्या भागात चांगल्या रक्ताची कारवान (देशी शिकारी जातीची) मादी वर्ष उलटूनही माजावर येत नाही, थायरॉइड ठीक, ब्रुसेला (गर्भ पाडणारा संसर्ग) नाही, वय बसतं, तेव्हा मी हीच गोळी देते. अशा एका मादीची पिल्लं आज शिवारात धावतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. यावर ती जुनी मी विचारते, लॅब्रेडॉरच्या मालकांचाही जीव होताच ना कुत्रीवर? होता. कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या केंद्राच्या 2017 च्या नियमांत मादी 18 महिन्यांआधी लावायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत, असं लिहिलंय. विसाव्यातल्या मादीला उठवायचा हक्क आपल्याला कधी मिळतो, ते आमचं आम्हालाच ठरवावं लागतं, आणि प्रत्येक मादीपाशी मी ते नव्याने ठरवते.

तेव्हा मादीला घेऊन या. मागच्या माजाची तारीख, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (माज नकळत होऊन गेला का, ते सांगणारं संप्रेरक), सोनोग्राफी, एवढं झाल्यावर बोलू. फोनवर गोळी मिळणार नाही.