जर्मनीत कला शिकून काम मिळवताना: बिलाची अडचण आणि परीक्षेनंतरचा खराब टप्पा

जर्मनीत कला शिकायला निघणाऱ्याला कन्सल्टन्सीत ठरलेलं पाठांतर ऐकवतात. आठवड्याला वीस तास काम करता येतं, पदवीनंतर काम शोधायला अठरा महिने मिळतात, मग सगळं मार्गी लागतं. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तरीही चित्रकार, शिल्पकार, इलस्ट्रेटर त्यावर विसंबून आला की फसतो, कारण हे गणित पगारी नोकरी करणाऱ्याचं आहे. कलेतलं बहुतेक काम पगारावर नाही, बिलावर चालतं, म्हणजे काम करून स्वतःच्या नावाने बिल पाठवायचं. आणि विद्यार्थ्याच्या परवान्यावर बिल लावायलाच मनाई असते. निघण्याआधी हे कुणी सांगत नाही, म्हणून हा वृत्तांत मुख्यतः याच गोष्टीबद्दल आहे.

एपीएस प्रमाणपत्र (भारतीय शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं), ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी आधीच पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो (महिन्याला ९९२), पोर्टफोलिओवर मिळालेला प्रवेश आणि बी१ (मधल्या पातळीचं) जर्मन हाताशी आहे असं धरून पुढचं लिहिलं आहे. बी१ नसेल तर पुण्यात किंवा मुंबईत माक्स म्युलर भवनात आधी उरकून या. 'तिकडे गेल्यावर शिकू' हा विचार चुकीचा. स्टुडिओत इंग्रजीवर भागतं, कामाच्या ठिकाणी भागत नाही. काम मिळण्याची खरी पातळी बी२ आहे, आणि मुलांना शिकवायचं असेल तर सी१.

राज्य निवडताना एकच आकडा पाहा. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूहकडे, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. ड्युसेलडॉर्फ आणि म्युन्स्टर ज्या राज्यात येतात तिथे फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. चार-पाच वर्षांचा फरक मांडून बघा.

अकादमीतली वर्षं छान जातात. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दिवसांचा हिशेब

मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. चार तासांपर्यंतचं काम म्हणजे अर्धा दिवस. दुसरी मोजणीही चालते: सत्र चालू असताना वीस तासांपर्यंतचा आठवडा अडीच दिवसांचा धरतात, आणि सुट्टीत कितीही तास केले तरी आठवड्याचे अडीचच. म्हणजे सुट्टीत पूर्णवेळ काम करणाऱ्याने आठवड्याच्या हिशेबाने जावं. दिवस मोजत बसला तर सुट्टीतच बराचसा कोटा संपतो. हिशेब स्वतः ठेवायचा. मालक बदलले तरी कोटा एकच असतो.

अकादमीच्याच वर्कशॉपमधलं सहायकाचं काम या कोट्यात मोजलं जात नाही. छापखाना, सिरॅमिकची भट्टी, ओतकाम, फोटो लॅब अशा सगळीकडे विद्यार्थी सहायक लागतात. जाहिरात क्वचित निघते. वर्कशॉप मास्टर ज्याला ओळखतो त्याला घेतो. दुसऱ्या सेमिस्टरपासून एकाच वर्कशॉपमध्ये चिकटून राहा. विद्यार्थी असताना मिळणारं हे सर्वांत चांगलं काम आहे, यावर वाद नको.

बाकी कॅफे, गोदाम, डिलिव्हरी. २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आणि मिनीजॉबची, म्हणजे छोट्या अर्धवेळ नोकरीतल्या कमाईची, मर्यादा महिन्याला ६०३ युरो आहे. भाडं निघतं. सीव्हीत मात्र यातलं काही उपयोगी पडत नाही.

बिलाची अडचण

निवास परवान्यासोबत एक हिरवट घडीचा कागद मिळतो. त्यावर नोकरीचे दिवस लिहिलेले असतात आणि पुढे बहुधा एक ओळ असते की स्वतंत्र व्यवसायाला परवानगी नाही. लोक हा कागद वाचतच नाहीत. आता कलेतली कामं बघा. प्रदर्शन उभारणाऱ्या टोळीत भिंती रंगवणं, चित्रं टांगणं, पेट्या उघडणं: बिलावर. पुस्तकाची चित्रं: बिलावर. शनिवारची मुलांची कार्यशाळा: बिलावर. चित्र विकणं म्हणजे तर सरळ स्वतंत्र व्यवसाय. क्युरेटर प्रेमाने विचारतो, 'बिल पाठवशील ना?' आणि विद्यार्थ्याला एक तर काम सोडावं लागतं किंवा नियम मोडावा लागतो. मोडला तर दंड होऊ शकतो, आणि खरी भीती मुदतवाढीच्या वेळची. त्या वेळी बँकेचे कागद समोर असतात.

यावर उपाय आहे, आणि तो कोणी सांगत नाही याचाच राग येतो. निवास कायद्याच्या कलम २१ च्या सहाव्या पोटकलमानुसार, दुसऱ्या कारणासाठी परवाना असलेल्यालाही स्वतंत्र व्यवसायाची परवानगी मिळू शकते. हक्क म्हणून मिळत नाही, अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. म्हणून अर्ज नीट करा. साधं एक पानी पत्र: काम कोणतं, आठवड्याला किती तास, वर्षाला अंदाजे किती उत्पन्न. सोबत काम देणाऱ्याचं पत्र, आणि अभ्यासात अडथळा येणार नाही असं प्राध्यापकाचं दोन ओळींचं पत्र. तास कमी लिहा, पाच ते आठ. 'मी चित्रकार आहे आणि विक्री करेन' असं मोघम लिहिलेले अर्ज पडून राहतात. ठरावीक काम आणि ठरावीक देणारा दाखवला की हलतात.

अर्ज रुंडगांगच्या बराच आधी करा. रुंडगांग म्हणजे अकादमीचं वार्षिक खुलं प्रदर्शन. ड्युसेलडॉर्फला ते हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास असतं, बर्लिनच्या कला विद्यापीठात जुलैमध्ये. पहिली विक्री बहुतेकांची तिथेच होते, आणि तेव्हा हातात परवानगी नसते.

परवानगी आली की एल्स्टर या कर-पोर्टलवर नोंदणीचा फॉर्म भरायचा. खातं चालू करण्याचा कोड टपालाने येतो, त्यात दोनेक आठवडे जातात. कर क्रमांक आला की बिल पक्कं होतं. बिलावर दोघांची नावं-पत्ते, कर क्रमांक, तारीख, अनुक्रमांक, कामाचं वर्णन आणि रक्कम हवी. वर्षाची उलाढाल २५,००० युरोंच्या आत असेल तर छोट्या व्यावसायिकाची सवलत घ्या आणि विक्रीकर आकारत नसल्याची ओळ बिलावर टाका. ती ओळ विसरून चुकून कर लावला तर तो भरावाच लागतो. चित्रकाराला धंद्याची वेगळी नोंदणी लागत नाही. पण टी-शर्ट, मग, पिशव्या छापून विकू लागलात की ते कलेत मोडत नाही, तिथे ती लागते.

परीक्षेनंतरचा टप्पा

सगळ्यात वाईट पट्टा हा. अंतिम प्रदर्शन होतं, निकाल लागतो, कौतुक होतं, आणि एकाच वेळी तीन गोष्टी तुटतात. अकादमीतून नाव कमी होतं, विद्यार्थ्याचा आरोग्य विमा संपतो, वर्कशॉपची किल्ली परत जाते. महिन्याला दीडशे युरोंच्या आसपासचा विम्याचा हप्ता ऐच्छिक सदस्याच्या दराने अडीचशेच्या वर जातो, उत्पन्न शून्य असलं तरी. शिवाय तिशी ओलांडली असेल तर विद्यार्थ्याचा स्वस्त दर आधीच गेलेला असतो.

अठरा महिन्यांचा परवाना, म्हणजे कलम २० खालचा, चांगला आहे. त्यावर नोकरी, स्वतंत्र काम, कॅफे, काहीही चालतं. पण तो हातात पडेपर्यंतचा काळ मोजलेला नसतो. मोठ्या शहरांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळायला महिने लागतात. जुना परवाना संपण्याआधी अर्ज केला असेल तर तो कायद्याने पुढे चालू राहतो आणि तसं तात्पुरतं प्रमाणपत्र, फिक्त्सियोन्सबेशायनिगुंग, मागून घेता येतं. आता मेख बघा: पुढे चालू राहतो तो जुना परवाना, जुन्या अटींसकट. म्हणजे पदवी हातात, काम समोर, आणि बिल लावायला अजूनही मनाई. आधीच्या टप्प्यात परवानगी घेतली नसेल तर इथे पुन्हा अडकता. अठरा महिन्यांच्या पुढे हा परवाना वाढत नाही, म्हणून हे महिने जपून वापरायचे असतात.

काय करायचं? निकालाची तारीख कळली की परवान्याची तारीख बघा, आणि शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच ऑनलाइन अर्जाची तयारी ठेवा. पदवीपत्र छापून यायला वेळ लागतो. उत्तीर्ण झाल्याचं कार्यालयीन पत्र पुरतं, ते निकालाच्या दिवशीच मागा. महिन्याला हजारेक युरोंची सोय दाखवावी लागते. त्यासाठी बचत शेवटच्या वर्षात संपवू नका. पदवी प्रदर्शनाच्या फ्रेम, वाहतूक, कॅटलॉग यांवर सगळं उधळून लोक नेमके या महिन्यांत कफल्लक होतात. कॅटलॉग छापू नका. पीडीएफ पुरते.

अपॉइंटमेंट विकणारे दलाल फिरतात. त्यांना पैसे देऊ नका. जी वेळ ते विकतात ती कार्यालय फुकट देतं.

माइस्टरश्युलर म्हणून, म्हणजे पदवीनंतर त्याच प्राध्यापकाच्या हाताखाली शिकत, आणखी वर्षभर थांबायची संधी प्राध्यापकाने दिली तर घ्यावी का? वर्कशॉप आणि विम्यासाठी हो. काम शोधायला वेळ मिळेल म्हणून नाही, कारण परवाना तोच राहतो, बिलाच्या मनाईसकट.

कोणतं काम, थोडक्यात निकाल

प्रदर्शन उभारणी: चांगलं. पैसे वेळेवर, ओळखी खऱ्या. लेझर लेव्हल वापरता यायला हवी आणि व्हॅन चालवता यायला हवी. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, पुढे लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. हा खर्च पहिल्या वर्षी करा, शेवटच्या नाही. २०२७ मध्ये कासेलला डॉक्युमेंटा हे मोठं कला-प्रदर्शन आणि म्युन्स्टरला शिल्पप्रकल्प एकाच उन्हाळ्यात येत आहेत. उभारणीची माणसं त्याआधीचे काही महिने लागतील.

संग्रहालयात पहारा: कंटाळवाणं, बहुधा सुरक्षा कंपनीमार्फत, आणि अनेक ठिकाणी चेंबर ऑफ कॉमर्सचा ४० तासांचा वर्ग आधी करावा लागतो. भाड्यापुरतं ठीक.

संग्रहालयाचं फोलोंटारियाट: दोन वर्षांचं प्रशिक्षण, पगार त्या श्रेणीच्या साधारण निम्मा. कलेतिहासवाल्यांसाठी. चित्रकाराने यामागे वर्ष घालवू नये.

फोल्क्सहोखशूलं (प्रौढांसाठीची सार्वजनिक शिक्षण केंद्रं) आणि खासगी कला-वर्ग: काम आहे, पण २०२२ च्या सामाजिक न्यायालयाच्या निकालानंतर संस्था मानधनावर शिक्षक घेताना बिचकतात. नोकरीचा करार मिळतो का ते आधी विचारा.

ग्राफिक, यूएक्स (ॲप-वेबसाइटची रचना), प्रदर्शन-रचना: करार मिळण्याची शक्यता इथे सर्वाधिक. ब्लू कार्डच्या, म्हणजे जास्त पगाराच्या उच्चशिक्षितांसाठीच्या परवान्याच्या, पगाराचा नाद सोडा, कलावाल्याला तो क्वचितच लागू होतो. कलम १८ब चा परवाना पुरतो. काम प्रशिक्षित माणसाचं असावं आणि पगार त्या भागातल्या इतरांइतका असावा, हे रोजगार खातं तपासतं. काम पदवीच्याच विषयातलं हवं ही अट आता नाही, हे अधिकाऱ्याला आठवण करून द्यावं लागू शकतं.

विनावेतन इंटर्नशिप: अभ्यासक्रमात सक्तीची नसेल आणि तीन महिन्यांच्या वर असेल तर किमान वेतन द्यावंच लागतं. 'अनुभव मिळेल' म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

भिंतीचं भाडं मागणारी गॅलरी: उठून या. साधी गॅलरी विक्रीतला निम्मा वाटा घेते, तोही विकलं गेलं तरच. मीटरच्या हिशेबाने पैसे घेणारीला चित्र विकायची गरजच उरत नाही. मेलवर आलेलं स्तुतीचं आमंत्रण आणि शेवटी 'सहभाग शुल्क', हे दिसलं की पुढे वाचू नका.

विमा आणि पुढचा परवाना

क्युन्स्टलरसोझियालकासे ही कलावंतांसाठीची सामाजिक विमा योजना. स्वतंत्र कलावंताच्या आरोग्य आणि पेन्शन हप्त्याचा निम्मा भार ती उचलते. वर्षाला ३,९०० युरोंच्या वर कलेतलं उत्पन्न लागतं, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला पहिली तीन वर्षं ही अट नाही. विमा लवकरात लवकर म्हणजे नोंदणी कळवल्याच्या दिवसापासून सुरू होतो, मागच्या तारखेने नाही. छाननीला कितीही महिने लागोत, फॉर्म नव्या परवान्याच्या दुसऱ्याच दिवशी पाठवा. सोबत बिलं, ती बँकेत जमा झाल्याचे कागद, प्रदर्शनांची आमंत्रणपत्रं. प्रमाणपत्रांना फार किंमत नाही, व्यवहाराचा पुरावा हवा असतो.

अठरा महिन्यांच्या शेवटी नोकरी नसेल तर कलम २१ वर स्वतंत्र कलावंताचा परवाना. जर्मन संस्थेतून पदवी घेतलेल्याला यात पोटकलम २अ ची सवलत आहे. काम शिकलेल्या विषयाशी जोडलेलं असलं की पुरे. लागतात ते कागद: उत्पन्नाचा अंदाज, खर्चाचा आराखडा, विमा, भाडेकरार, आणि काम देऊ इच्छिणाऱ्यांची दोन-तीन पत्रं. पत्रात 'उत्तम कलाकार' नको. काम, काळ आणि युरोंतली रक्कम हवी. ही पत्रं शेवटच्या महिन्यात मागाल तर मिळणार नाहीत, कारण जुलै-ऑगस्टमध्ये इथे कोणी मेल उघडत नाही. बाराव्या महिन्याला मागायला लागा, आणि प्रत्येक उभारणीनंतर, माणूस खूश असताना, तिथल्या तिथे.