काळी पडलेली अंडी

आमच्या धंद्यात ज्वारीला मुद्दाम कीड लावावी लागते. २००७ साली घरामागच्या जुन्या गोठ्याचे पत्रे बदलून, खिडक्यांना जाळ्या ठोकून आम्ही सुरुवात केली. पहिलं पोतं भरडून आणलं तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. "लोकं जुंधळ्याला कीड लागू नये म्हणून जीव टाकत्यात, आन् तुमी पैसं घालून लावताय व्हय?" एवढं बोलून त्या आत गेल्या. पुढं तीच ज्वारी चाळायला त्या दहा वर्षं आमच्यात बसल्या, पण ते नंतर.

कराडच्या पुढं, कृष्णाकाठी आमचं गाव. चहूकडे ऊस. आम्ही ट्रायकोकार्ड बनवतो. पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा जाड कागद, त्यावर डिंकाने चिकटवलेली सुमारे वीस हजार बारीक अंडी, आणि त्या अंड्यांत वाढणारी ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशी. गांधीलमाशी म्हटलं की लोकांना वळचणीचं पोळं आठवतं. ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. पोळं करत नाही, माणसाला डसत नाही. मादी किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आणि आतली अळी बाहेर पडण्याआधीच संपते. पिकाचं पान कुरतडलं जायच्या आधीच काम झालेलं असतं.

हिला "परोपजीवी" म्हणतात, पण त्या शब्दाने माझं समाधान होत नाही. गोचीड म्हशीचं रक्त पिते तरी म्हैस जगते. हिचं पिल्लू मात्र यजमानाला मारल्याशिवाय मोठंच होत नाही. म्हणून रॉयटर नावाच्या फिनलंडच्या शास्त्रज्ञाने १९१३ साली अशा किड्यांसाठी "पॅरासिटॉइड" हा वेगळा शब्द काढला. मराठीत आपण अजून दोघांना एकाच शब्दात कोंबतो. शेतकऱ्यांशी बोलताना मी सरळ "मित्रकीड" म्हणते आणि मोकळी होते.

या वाटेला लागले ते लोकरी माव्यामुळे. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर तो आला तेव्हा मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. पानांखाली पांढरा कापूस, वर काळी बुरशी, आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, गाडीबरोबर गावोगाव पसरणारी कीड. वडिलांनी दोन फवारण्या केल्या. उंच उसात शिरून फवारणं म्हणजे काय, ते केलेल्यालाच ठाऊक. पुढच्या काही हंगामांत मावा खाणारे डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस हे किडे आणि एनकार्सिया नावाची चिमुकली गांधीलमाशी यांनी मावा आटोक्यात आणला. मुद्दाम नेऊन सोडलेले किडे पंपापेक्षा जास्त काम करतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. आमच्या बांधावर पाहिलं ते पहिल्यांदा.

लग्नानंतर नवऱ्याला म्हटलं, आपण हेच करू. तो सहकारी संस्थेत हिशेब लिहायचा. त्याने एकच विचारलं, "दिसत नाही ती वस्तू विकायची कशी?" हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

कारखान्याची गंमत अशी, की ट्रायकोग्रामा वाढवायची तर आधी तिचं खाद्य वाढवावं लागतं. ते म्हणजे कॉर्सिरा, तांदळावरच्या पतंगाची अंडी. अडीच किलो ज्वारीची भरड गरम करून निर्जंतुक करायची, थंड झाल्यावर त्यात शंभर ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, चिमूटभर यीस्ट आणि गंधक मिसळायचं, वर अर्धा सीसी अंडी भुरभुरायची आणि ट्रेला कापड बांधून ठेवायचं. अळ्या भरडीत जाळं विणत वाढतात. साधारण चाळीस दिवसांनी पतंग निघू लागतात. ते पकडून जाळीच्या तळाच्या डब्यात सोडले की रात्रभरात अंडी खाली पडतात. एका सीसीत सोळा ते अठरा हजार. ती चाळून, पंख-खवले उडवून, अतिनील दिव्याखाली पाऊण तास ठेवायची, म्हणजे आतला गर्भ मरतो पण अंडं ताजं राहतं. मग कार्डावर डिंक, डिंकावर अंडी, आणि कार्ड ट्रायकोग्रामाच्या बरणीत. चौथ्या दिवशी अंडी काळी पडतात. सातव्या-आठव्या दिवशी माश्या बाहेर.

काळी पडणं हीच आमची मोहोर. आणि नेमकी तीच पहिल्या वर्षी आमच्या मुळावर आली. वाळव्याकडचे एक काका तणतणत कार्डं परत घेऊन आले, "ताई, सडलेला माल देता काय?" त्यांना पांढरी, टवटवीत अंडी हवी होती. पांढरी म्हणजे रिकामी, काळी म्हणजे भरलेली, हे सांगायला चहाचे दोन कप गेले. तेव्हापासून कार्डाच्या मागे ठळक छापतो: अंडी काळी असली तरच लावा.

दुसरा घोळ नावाचा. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोकार्ड मागितलं की हातात ट्रायकोडर्माची पुडी पडते. ती बुरशी, मातीत घालायची, मररोगासाठी. एकाने तर आमचं कार्ड शेणखतात कालवून सरीत टाकलं होतं. हसू आलं, पण चूक त्याची नव्हती.

धुळीबद्दल इथंच सांगते, कारण अशा लेखांत ते कुणी लिहीत नाही. पतंगांच्या पंखांवरचे खवले हवेत तरंगतात आणि छातीत जातात. पहिली दोन वर्षं आम्ही तोंडाला ओढणी बांधून काम केलं. आमच्याकडच्या एका मावशींना धाप लागायला लागली आणि त्यांना काम सोडावं लागलं. मास्क आणि हवा ओढणारा पंखा त्यांच्यासाठी उशिरा आला, ही टोचणी आहे.

२००९ च्या उन्हाळ्यात ट्रेमधल्या अळ्या लुळ्या पडलेल्या दिसू लागल्या. मेलेल्या नाहीत, नुसत्या निपचित. जवळून पाहिलं तर प्रत्येकीच्या अंगावर बाहेरून चिकटलेली पांढरी पिल्लं. ही ब्रॅकॉन हेबेटर. तीही गांधीलमाशीच, तीही पॅरासिटॉइड. अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. नारळावरच्या काळ्या डोक्याच्या अळीसाठी लोक हिला मुद्दाम वाढवून बागेत सोडतात. आमच्याकडे ती फाटक्या कापडातून शिरली आणि तीन आठवडे उत्पादन बंद पडलं. सगळे ट्रे जाळले, भिंती धुतल्या. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याच जातीची हाय की ही!" जातीची म्हणजे गणाची, पण बोलणं बरोबर होतं. दोघी हायमेनॉप्टेरा गणातल्या, मुंग्या-मधमाश्यांच्या गोतावळ्यातल्या. कुळं मात्र वेगळी. ब्रॅकॉनचं ब्रॅकॉनिडी, आमचीचं ट्रायकोग्रामाटिडी, म्हणजे कॅल्सिड नावाच्या चिमुकल्या गांधीलमाश्यांच्या प्रचंड भाऊबंदकीतलं एक घर. पायाच्या टोकाला तीनच पेरं आणि पंखांवर ओळीत लावल्यासारखे केस, ही या घराची खूण. ट्रायकोग्रामा म्हणजे केसांची रेघ. नाव त्यावरूनच पडलं.

या कुळाचारात मला तेव्हा फारसा रस नव्हता. चालतंय ना, मग नाव काहीही असो. ही खोड २०१२ साली मोडली.

उसासाठी आम्ही ट्रायकोग्रामा चिलोनिस वाढवायचो. मावळ-भोरकडून भाताच्या खोडकिड्यासाठी मागणी येऊ लागली, म्हणून ट्रायकोग्रामा जॅपोनिकमचं बियाणं आणलं. दोन्ही बरण्या एकाच खोलीत, मध्ये एक फडकं. पहिल्या हंगामात भातवाले खूश. दुसऱ्या हंगामात तक्रारी: कार्डं लावली, माश्या निघाल्या, पण खोडकिड्याच्या अंडीपुंजांवर काहीच परिणाम नाही. एका शेतकऱ्याने पोंगे मेलेल्या भाताची पेंढीच आणून ओट्यावर ठेवली. मी फवारणीला दोष दिला, पावसाला दिला, उशिरा लावण्याला दिला. शेवटी नवरा म्हणाला, "माल तरी तोच आहे का, ते बघ ना."

भिंगातून बघितलं तर लाल डोळ्यांचे ठिपके. जॅपोनिकम काळपट असते, चिलोनिस पिवळसर, हे ठाऊक होतं. पण रोज बघून डोळा मरतो. बंगळूरूच्या, कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे अल्कोहोलमध्ये नमुने पाठवले. तिथे नराचं जननांग काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कारण या वंशातल्या जाती बाहेरून इतक्या सारख्या की खात्रीची ओळख तिथेच पटते. उत्तर आलं: सगळ्या चिलोनिस. फडक्याच्या कडेने निसटलेल्या चिलोनिसनी जॅपोनिकमची बरणी गिळंकृत केली होती, आणि मी वर्षभर एकीच्या नावाने दुसरी विकत होते.

भातवाल्यांचे पैसे परत केले. ते वर्ष तोट्यात गेलं. पण त्या निमित्ताने वाचायला लागले, तेव्हा कळलं की ही चूक एकट्या माझी नव्हती. आपल्याकडच्या या माश्या वर्षानुवर्षं मिन्युटम, ऑस्ट्रॅलिकम अशा परक्या नावांनी ओळखल्या जात होत्या. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा या बंगळूरूच्या दोन शास्त्रज्ञांनी १९६८ पासून नरांची जननांगं तपासून, १९७१ च्या निबंधात ओळखीची ही पद्धत पक्की केली आणि गुंता सुटू लागला. माश्या अर्थातच त्याच होत्या. पण कोणती कुठल्या किडीवर चालते हे त्याशिवाय कुणाला नीट सांगता येईना.

आता जॅपोनिकमची खोली अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आहे. सकाळी आधी तिथलं काम, मग चिलोनिसचं. उलट कधीच नाही. भाताचं कार्ड हिरवं, उसाचं पिवळं. जुना सूक्ष्मदर्शक घेतला, काचपट्ट्या बनवायला शिकले, आणि दर महिन्याला प्रत्येक खोलीतले नर तपासते. प्रत्येक खेपेची एक पट्टी काचनळीत ठेवून किती निघाल्या, त्यात माद्या किती, ते वहीत टिपतो. फळलेल्या अंड्यातून मादी, न फळलेल्या अंड्यातून नर, असा यांचा हिशेब. पिढ्यान्‌पिढ्या बरणीत वाढल्या की नर वाढतात आणि माद्या आळशी होतात. मग शेतातून किडीची काळी पडलेली अंडी वेचून नवं रक्त आणावं लागतं.

हे सगळं करायला आम्हाला कायद्याने कुणी सांगितलेलं नाही. ट्रायकोडर्माची पुडी विकायची तर कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, जिवंत मित्रकीटकांना ती लागत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला हे सोयीचं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण त्यामुळेच बाजारात रिकाम्या अंड्यांची कार्डंही फिरतात, आणि ज्याचा एकदा विश्वास उडाला तो शेतकरी आमच्याकडेही येत नाही.

वाहतूक हे रडगाणं संपत नाही. दहा अंशांवर फ्रिजमध्ये कार्ड तीन आठवडे थोपवता येतं. बाहेर तारीख थांबत नाही. एप्रिलमध्ये एका कुरिअरवाल्याने शनिवार-रविवार पार्सल पत्र्याखाली ठेवलं आणि शेतकऱ्याने पाकीट फाडलं तर सगळ्या माश्या आतच निघून मेलेल्या. तेव्हापासून एसटीच्या पार्सलने, थर्माकोलच्या खोक्यात, वाहकाला फोन करून पाठवतो. एकरी एक कार्ड, दर दहा-बारा दिवसांनी, चार-सहा वेळा. तुकडे करून पानाच्या खालच्या बाजूला टाचायचे, संध्याकाळी, मुंग्या बघून. आधी-नंतर आठवडाभर फवारणी नाही. एवढं पाळणारा शेतकरी पुढच्या वर्षी परत येतो.

२०१८ मध्ये मक्यावर नवी लष्करी अळी आली आणि फोन वाजायचा थांबेना. ती अंडी थरावर थर घालते, वर केसांचं पांघरूण; ट्रायकोग्रामा वरच्या थरावरच अडते. टेलेनोमस रेमस ही दुसरी चिमुकली गांधीलमाशी आतपर्यंत पोचते. तिला आम्ही स्पोडोप्टेराची, म्हणजे लष्करी अळीच्याच वंशातल्या किडीची, अंडी देतो, त्या किडीच्या अळ्यांना एरंडाची पानं. म्हणून गोठ्यामागे एरंड लावलाय. त्याला पाणी घालायचं काम सासूबाईंनी स्वतःहून घेतलं. चाळणीवर आता त्यांचे गुडघे बसू देत नाहीत. या टेलेनोमसचं कूळही मध्यंतरी बदललं. प्लॅटिगॅस्ट्रिडीतून उचलून पुन्हा सेलिओनिडीत टाकलं. आमचं माहितीपत्रक तेव्हा नुकतंच छापून आलं होतं. पाचशे प्रतींवर नवऱ्याने हाताने दुरुस्ती केली.

हल्ली लोक काडेपेट्या घेऊन येतात. परवा शिराळ्याच्या एका मुलाने उसाच्या खोडातला पांढऱ्या कापसाचा पुंजका आणला. "मॅडम, किडीची अंडी आहेत, सगळी जाळतो." ते बहुधा कोटेशिया या मित्रकिडीचे कोष होते, खोडकिड्याची अळी आतून खाऊन ही बाहेर येते आणि तिच्या शेजारीच रेशीम विणते. त्याला म्हटलं, जाळू नकोस, बाकीचे आहेत तिथेच राहू दे. काडेपेटी ठेवून घेतली.

आज सकाळी त्यातून माश्या निघाल्या. एक काचपट्टीवर घेतली. इक्न्यूमॉनिड, म्हणजे ब्रॅकॉनिडीच्या शेजारच्या कुळातली, असती तर पुढच्या पंखात दुसरी उलटी शीर दिसली असती. ती नाही. म्हणजे ब्रॅकॉनिड, इथपर्यंत माझी मजल. उरलेल्या अल्कोहोलच्या कुपीत आहेत, चिठ्ठीवर गाव, पीक आणि तारीख लिहून झालंय. दुपारच्या गाडीने बंगळूरूचं पार्सल जाईल.