द फ्लेम्सचा कप्पा : तीन तबकड्या, एक सीडी आणि विश्वकोशाचे सहा खंड

१४ जून

सात आठवडे वाट पाहून आलेली तबकडी टर्नटेबलवर ठेवली तर बशीसारखी हेलकावे खात फिरायला लागली. पाठवणाऱ्याने दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावतो म्हणून सांगितलं होतं. लावला एकाच बाजूला. वर जूनमधलं ठाणं, म्हणजे हवेतून पाणी पिळून काढता येईल अशी परिस्थिती. सुई कडेवरून घसरून दोनदा आत आली, तेव्हा नाद सोडला आणि तबकडी काढून ठेवली.

ही तबकडी म्हणजे 'द फ्लेम'. १९७० साली ब्रदर रेकॉर्ड्सने काढलेली, निर्माता बीच बॉइजचा कार्ल विल्सन. ब्रदर म्हणजे या अमेरिकी बँडची स्वतःची कंपनी. त्या काळात बीच बॉइज सोडून फक्त याच एका बँडची तबकडी तिने काढली, आणि तो बँड निघाला होता दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनहून.

मागच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: जानेवारीत ठरवलं की द फ्लेम्सचं (हाच तो डरबनचा बँड, नंतर 'द फ्लेम' झालेला) जे मिळेल ते एका कप्प्यात आणायचं. मूळ दक्षिण आफ्रिकी तबकड्यांचे भाव खिशाबाहेरचे, त्यामुळे त्या यादीत नाहीत. आजची स्थिती: 'सोलफायर'ची सीडी, ही वाकडी तबकडी, आणि बीच बॉइजच्या दोन. बीच बॉइज या कप्प्यात कशाला, असं मागच्या वेळी एकाने विचारलं होतं. त्याचं उत्तर खाली येईलच.

१७ जून

वाकडी तबकडी सरळ करण्याचे सगळ्यांचे आपापले मार्ग असतात. माझा जुनाच आहे: सहा मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये स्वच्छ पुसलेली तबकडी, वर वजन, आणि खोली जरा उबदार. हेअर ड्रायर, ओव्हन, इस्त्री यातलं काहीही करायचं नाही, लोक कितीही छातीठोकपणे सांगोत. काचांमध्ये घालायच्या आधी धूळ पूर्ण गेली पाहिजे, नाहीतर एकेक कण खाचेत कायमचा रुततो. वजन म्हणून मराठी विश्वकोशाचे सहा खंड ठेवले. घरात आल्यापासून प्रथमच त्यांचा रोज उपयोग होतोय, असं आई म्हणाली.

दहा दिवस हात लावायचा नाही. तोवर सीडी.

'सोलफायर' १९६८ ची. तिच्यातलं 'फॉर युअर प्रेशस लव्ह' म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या एका अख्ख्या पिढीचं गाणं. मूळ जेरी बटलर आणि द इम्प्रेशन्सचं, १९५८ चं. फ्लेम्सनी ते घेतलं आणि आपलंच करून टाकलं. गाणारा ब्लाँडी चॅप्लिन जेमतेम सतरा वर्षांचा, ड्रमवरचा रिकी फतार त्याहून वर्षभराने लहान. रिकीचे दोघे मोठे भाऊ, गिटारवर स्टीव्ह आणि बेसवर एड्रीझ. एड्रीझला सगळे 'ब्रदर'च म्हणत. म्हणजे पुढे ब्रदर रेकॉर्ड्सवर खरोखरच एक ब्रदर होता, हा योगायोग मला फार आवडतो.

बँड १९६३ साली डरबनमध्ये सुरू झाला. तेव्हाचं डरबन डोळ्यांसमोर आणल्याशिवाय ही सीडी नीट ऐकू येत नाही, असं माझं मत झालंय. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाच्या नावापुढे वंशाचा शिक्का लावला होता. त्याच वर्षीच्या ग्रुप एरियाज कायद्याने कोणत्या शिक्क्याने कुठे राहायचं हे ठरवलं. फ्लेम्सची मुलं गोरी नव्हती. त्यामुळे ज्या शहरात ती वाढली तिथल्याच कितीतरी सभागृहांमध्ये ती प्रेक्षक म्हणून बसू शकत नव्हती, मंचावर मात्र चालत होती, तेही परवाना असला तर. मिश्र प्रेक्षकांचं काय होत असे हे पाहायचं तर १९६४ चा डिसेंबर आठवा: इंग्लंडहून आलेली डस्टी स्प्रिंगफील्ड केप टाउनजवळ मिश्र प्रेक्षकांसमोर गायली आणि सरकारने तिला देशाबाहेर काढलं. पुढच्या वर्षी नियम आणखी आवळले.

रेडिओचीही तीच तऱ्हा. सरकारी प्रसारण संस्था एसएबीसी इतकी सोवळी की १९६६ मध्ये जॉन लेननच्या ख्रिस्ताबद्दलच्या वक्तव्यावरून तिने बीटल्सची गाणीच बंद केली, ती १९७१ पर्यंत. टेलिव्हिजन तर देशात १९७६ पर्यंत नव्हताच. तरुण पोरं शेजारच्या मोझांबिकमधून येणारं एलएम रेडिओ, म्हणजे लोरेन्सो मार्केसचं केंद्र, खरखरीतून ऐकत बसायची. आपल्याकडच्या सिलोनची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. इथेही सरकारी रेडिओने नाक मुरडलं की लोक शेजारच्या देशाकडे सुई वळवत.

२२ जून

पुण्याला गेलो होतो, बुधवार होता, म्हणून जुन्या बाजारात चक्कर. ओळखीच्या चाचांना विचारलं, "दक्षिण आफ्रिकेत काढलेला तबकडीचा छापा कधी हाताखालून गेलाय का?"

"बेटा, चाळीस वर्षं झाली बसतोय इथे. इंग्लंडचा आला, रशियाचा आला, एकदा जपानचा आला. तिकडचा नाही आला."

घरी येताना गाडीत उलगडा झाला. आधीच सुचायला हवं होतं. वंशभेदावरून भारताने १९४६ सालीच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, असं करणारा पहिला देश आपणच. संबंध पुन्हा जुळले ते १९९३ मध्ये. आमच्या मामाच्या जुन्या पासपोर्टवर छापलेलं होतं की हा दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नाही. म्हणजे ज्या काळात फ्लेम्सच्या तबकड्या निघत होत्या, त्या काळात त्यांना इथे यायला सरळ वाटच नव्हती. जुन्या बाजारात जे सापडत नाही त्याचाही इतिहास असतो, आणि या बाबतीत त्या इतिहासाबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. शोधाशोध मात्र थांबवली. तो वेळ आता वाचेल.

२८ जून

काचा उघडल्या. ऐंशी टक्के जमलं. कड अजून थोडी उचललेली आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंची पहिली गाणी किंचित डुलतात, पियानोवर लगेच कळतं. पुढचं सगळं ठीक. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एकच थेंब भांड्यांचा साबण, नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुतली. स्लीव्हवर बुरशीचे बारीक ठिपके होते, कोरड्या ब्रशने गेले. जुनी आतली पिशवी कचऱ्यात.

आता आवाजाबद्दल. 'सोलफायर' ऐकून जो इथे येईल तो गोंधळेल. सोल, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांचं ते भावुक गायकीचं संगीत, कुठेच नाही. 'सी द लाइट' आणि 'डोन्ट वरी, बिल' ऐकताना बीटल्सच्या शेवटच्या वर्षांतलं काहीतरी सापडलंय असं वाटतं. तबकडी क्वाड्राफोनिक म्हणून काढलेली, म्हणजे चार स्पीकरसाठी. माझ्याकडे दोनच आहेत आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मिक्स मात्र विचित्र रुंद आहे: गिटार भिंतीपलीकडून येते आणि स्टीव्ह, ब्लाँडी वगैरे सगळे एकत्र गायला लागले की खोली भरते. रिप करताना, म्हणजे तबकडी संगणकावर उतरवताना, मी क्लिक रिमूव्हर (खरखर काढणारं सॉफ्टवेअर) अगदी हलका ठेवला. ड्रमच्या काठीचा टोकदार आवाज त्याला खरखरच वाटतो आणि तो खाऊन टाकतो. इथे तर ड्रमच ऐकायचेत.

या सगळ्याची सुरुवात लंडनमध्ये. १९६८ च्या यशानंतर फ्लेम्स तिकडे गेले. ब्लेझेस नावाच्या क्लबात वाजवत असताना बीच बॉइजच्या अल जार्डिनने त्यांना ऐकलं आणि कार्ल विल्सनला घेऊन आला. कार्लने त्यांना थेट लॉस एंजेलिसला नेलं. जेम्स ब्राउनच्या फेमस फ्लेम्सशी घोळ नको म्हणून नावातला 'स' गळाला आणि द फ्लेम्सचे द फ्लेम झाले. 'सी द लाइट' अमेरिकेत लोकप्रिय शंभर गाण्यांच्या यादीत जेमतेम शिरलं, ९५ व्या जागी. दुसरा अल्बम ध्वनिमुद्रित झाला पण बाहेर आला नाही, आणि बँड फुटला.

अल्बम पडला म्हणून मला वाईट वाटतं का? खरं सांगायचं तर अर्ध्या गाण्यांच्या बाबतीत नाही. 'हे लॉर्ड' लांबतं. पण 'सी द लाइट' यादीत ९५ वर थांबावं हे पटत नाही.

५ जुलै

आता बीच बॉइज का, ते. १९७१ मध्ये त्यांचा ड्रमर डेनिस विल्सनचा हात काचेने कापला आणि त्याला ड्रम वाजवता येईना. त्याच्या जागी रिकी बसला. १९७२ च्या सुरुवातीला रिकी आणि ब्लाँडी दोघेही बँडचे अधिकृत सदस्य झाले. कॅलिफोर्नियाचा समुद्रकिनारा आणि सोनेरी केसांची गोरी पोरं ही ज्यांची ओळख, त्या बँडमध्ये डरबनचे दोन सावळे तरुण, ज्यांना त्यांच्या स्वतःच्या शहराच्या किनाऱ्यावर गोऱ्यांसाठी राखलेल्या वाळूवर पाय ठेवायची बंदी होती! बीच बॉइजवर जिथे जिथे वाचलं तिथे हे वाक्य कुणीतरी लिहिलेलं असेल असं वाटलं होतं. माझ्या वाचनात नाही आलं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कप्प्यातल्या दोन तबकड्या:

'कार्ल अँड द पॅशन्स – सो टफ', १९७२. माझी इंग्लंडची, एकटी. अमेरिकेत ही १९६६ च्या 'पेट साउंड्स'बरोबर जोडून विकली गेली. इतका अन्याय कुठल्याही नव्या तबकडीवर होऊ नये, हापूससोबत फुकट दिलेल्या पायरीसारखी तिची गत झाली. तिच्यातली 'हिअर शी कम्स' आणि 'होल्ड ऑन डिअर ब्रदर' ही दोन गाणी रिकी-ब्लाँडीची. दुसऱ्यात स्टील गिटार ऐका.

'हॉलंड', जानेवारी १९७३. यासाठी स्टुडिओची सामग्री कॅलिफोर्नियाहून नेदरलँड्समधल्या बामब्रुग्गे नावाच्या खेड्यात नेऊन जोडली होती. मूळ तबकडीसोबत परीकथेची एक छोटी तबकडी मिळायची, माझ्या प्रतीत ती नाही. तबकडी विकणाऱ्या कंपनीला या अल्बममध्ये सिंगल, म्हणजे सुटं गाणं, म्हणून काढण्याजोगं काही दिसेना, म्हणून 'वी गॉट लव्ह' काढून 'सेल ऑन, सेलर' घातलं गेलं. मुख्य आवाज कुणाचा यावर बराच खेळ झाला. डेनिसने गाऊन पाहिलं आणि तो सर्फिंगला निघून गेला, अशी गोष्ट सांगतात. मग कार्लने ब्लाँडीला पुढे केलं. आज त्या बँडची सत्तरच्या दशकातली जी दोन-चार गाणी लोकांना आठवतात, त्यात हे आहेच, आणि आवाज डरबनचा आहे.

गंमत अशी की ज्याला बाहेर काढलं ते 'वी गॉट लव्ह'सुद्धा रिकी, ब्लाँडी आणि बीच बॉइजचा माइक लव्ह यांचंच. म्हणजे या दोघांचं गाणं काढून याच दोघांतल्या एकाच्या आवाजातलं दुसरं घातलं. जर्मनीत छापलेल्या सुरुवातीच्या काही प्रती जुन्या यादीसह निघून गेल्या. त्या माझ्या नशिबात नाहीत. १९७३ च्याच 'इन कॉन्सर्ट'मध्ये 'वी गॉट लव्ह' मंचावरचं आहे, ती तबकडी यादीत टाकली.

१२ जुलै

तबकड्या सोडून थोडं हाताचं काम. 'सेल ऑन, सेलर'वर रिकी जे वाजवतो ते शिकायला घेतलंय, सरावाच्या रबरी पॅडवर, कारण खाली राहणारे काका सहनशील असले तरी संत नाहीत. शाळेत तबला शिकलेल्यांसाठी सोपं करून सांगतो: प्रत्येक मात्रेचे तीन भाग, मधला गाळायचा, पहिला आणि तिसरा वाजवायचा. तिस्र जातीच्या अंगाने चालणारी चाल. पण ठेका सापडला म्हणजे गाणं सापडलं असं नाही. रिकी तिसरा भाग किंचित मागे टाकतो, जहाज डोलल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवून वाजवतोय, आणि दर आठ आवर्तनांनी मी पुढे पळतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं, पळतोच.

एक जोड: १९७८ मध्ये बीटल्सची टर उडवणारा 'द रटल्स' हा काल्पनिक बँड टीव्हीपटात आणि तबकडीवर आला, त्यात जॉर्ज हॅरिसनच्या धर्तीवरचा स्टिग ओहारा म्हणजे आपला रिकीच. त्या तबकडीवर गिटारबरोबर सतार आणि तबलाही त्याच्याच नावावर आहे. ही आता पाचवी वस्तू.

१९ जुलै

कप्प्याचा प्रश्न अजून तसाच. माझी मांडणी देशांनुसार आहे. 'सोलफायर' दक्षिण आफ्रिकेत जाते, 'द फ्लेम' अमेरिकेत, 'हॉलंड' आधीपासूनच बीच बॉइजच्या शेजारी. पुढचं तर आणखीच विखुरलेलं. ब्लाँडी १९७३ च्या अखेरीस बीच बॉइज सोडून गेला, १९७७ मध्ये स्वतःच्या नावाची तबकडी काढली, आणि १९९७ पासून बरीच वर्षं रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यांत मागे उभा राहून गायला. रिकी १९७४ मध्ये बाहेर पडला, पुढे अमेरिकी गायिका बॉनी रेटचा ड्रमर झाला. स्टीव्ह मात्र डरबनला परतला आणि तिथेच वाजवत राहिला, जानेवारी २०२० मध्ये गेला तोपर्यंत.

शेवटी सगळं उचलून डरबनच्या पाटीखाली ठेवलं. 'हॉलंड'सुद्धा. बीच बॉइजच्या रांगेत १९७३ च्या जागी एक पुठ्ठा उभा केलाय, त्यावर पेन्सिलने लिहिलं: "दोन कप्पे डावीकडे."

मेट्रोनोम ६४ वर आलाय. पळणं सुरूच. विश्वकोश अजून काचेवरच आहे, कारण 'सो टफ'ची कडही जरा उचललेली वाटली.