‘कळ’ लिहिताना

गेल्या पावसाळ्यात एका कवयित्री मैत्रिणीने तिच्या हस्तलिखित संग्रहाच्या मुखपृष्ठासाठी माझ्याकडे एकच शब्द मागितला: कळ. त्यात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही आणि जोडाक्षरही नाही. देवनागरीत अक्षरांकन करणाऱ्याला एरवी या चिन्हांचा मोठा आधार असतो. वेलांटी उंच झुलवता येते, उकार खाली लांबवता येतो, रफार फडकवता येतो, आणि शब्दाचा निम्मा भाव तिथेच उभा राहतो. इथे मात्र दोन उघडी अक्षरे आणि त्यांच्यावरची शिरोरेषा, एवढेच हाताशी होते.

सुलेखनात अक्षर लिहिले जाते: बोरूचा तिरका काप कागदावर ज्या कोनात टेकतो त्यावरून रेघेची जाडी ठरते आणि एकदा ओढलेला फटकारा दुरुस्त होत नाही. अक्षरांकनात अक्षर रेखाटून, खोडून, पुन्हा घासूनपुसून घडवले जाते. माझी पद्धत या दोहोंच्या मधली आहे. आधी चपट्या ब्रशने शब्द पुष्कळ वेळा लिहायचा आणि त्यांतला एखादा जिवंत वाटला की ट्रेसिंग पेपरवर त्याला घडवत न्यायचे. सरावासाठी मी जुने वर्तमानपत्र आडवे धरते, म्हणजे उभे रकाने आडवे होतात आणि आयत्या ओळी मिळतात.

पहिले दोन आठवडे मी चुकीच्या वाटेने गेले. कोरड्या ब्रशने खरखरीत कडा काढल्या, ‘क’च्या दांड्याला तडे दिले, ‘ळ’ला काटे फोडले. ते सारे पाहताना वेदना जाणवत नव्हती. वेदनेचे चित्र अक्षरावर चिकटवलेले तेवढे दिसत होते. ‘आग’ लिहून वर ज्वाळा काढायच्या, ‘पाऊस’ लिहून खाली थेंब सोडायचे, ही सवय आज फार बोकाळली आहे आणि मला ती मनापासून खटकते, कारण तिथे अक्षराला स्वतःला काहीच करावे लागत नाही.

अशा वेळी मी कमल शेडगे यांची कामे काढून बसते. 2020 मध्ये ते गेले, पण मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी त्यांनी केलेली शीर्षके आजही शिकवतात. वर्तमानपत्रातली चिमुकली चौकट, रंग नाही, छपाई साधी. त्यामुळे नाटकाचा सगळा स्वभाव अक्षराच्या वळणातूनच यावा लागे, आणि तो येई. त्यांचे अक्षर कितीही वाकले तरी वाचता येते, हे मला त्याहून मोठे वाटते.

उत्तर मिळाले ते घरात. आईचे गुडघे दुखतात. एका संध्याकाळी देवघरातून उठताना तिला कळ आली आणि ती दाराची चौकट धरून अर्ध्यावरच थांबली. चेहरा वाकडा झाला नाही, तोंडातून आवाज निघाला नाही. फक्त चाललेली हालचाल मध्येच तुटली. मला हवी होती ती ही तुटलेली हालचाल.

शाळेत आपण आधी अक्षरे काढतो आणि मग वरून रेघ ओढतो. मोडी या मराठीच्या जुन्या लिपीत याच्या उलट असते: आधी पानभर रेघ आखायची आणि मग तिला अक्षरे टांगायची. मोडीचा अभ्यास करून, तिचा ओघ देवनागरीत मिसळून सुलेखनकार अच्युत पालवांनी जी मुक्तलिपी घडवली, ती पाहताना हा क्रम माझ्या मनात पक्का बसला होता. त्या रात्री मी तसेच केले. ब्रश भरून शाई घेतली, शिरोरेषा एका दमात ओढली, आणि ‘क’ जिथे संपायचा होता तिथे हात एकदम उचलला. मग ‘क’ त्या रेघेला टांगला, दांडा जाड आणि सरळ ठेवला. ‘ळ’ला वर आधारच उरला नाही. त्याचे पहिले वाटोळे मी आवळून, जवळजवळ बुजेल इतके लहान केले आणि दुसरे हळूहळू उघडत नेले, कारण कळ येते झटक्यात आणि उतरते सावकाश.

ट्रेसिंगवर फार काही करावे लागले नाही. रेघ तुटली त्या टोकाशी ब्रशचे चार-पाच केस फाटून बारीक रेषा उमटल्या होत्या. स्वच्छ करायला म्हणून पांढरा रंग कालवला होता, तो तसाच वाळू दिला.

मैत्रिणीने कागद हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “ळवरची रेघ राहून गेली का गं?” मी नाही म्हटले. तिने कागद लांब धरला, पुन्हा जवळ आणला, ‘ळ’च्या वरच्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “मग माझे नाव याच्याजवळ नको. मागच्या पानावर लिही.”