दार हळू लावा, साहेब!

क्यूबात टॅक्सीत बसलात की दार आपटायचं नाही. मी आपटलं. कोल्हापूरकडं वडापच्या जीपचं लावतात तसं, दणकून. ड्रायव्हर "सुआवे! सुआवे!" करत असा विव्हळला, जणू मी त्याच्या पोराच्या कानाखाली वाजवली होती. सुआवे म्हणजे हळू, अलगद. बायकोचं स्पॅनिश पुण्याच्या क्लासमधलं, माझं त्या दिवशी या एका शब्दापासून सुरू झालं.

मार्च 2024. हवानात चार दिवस काढले, पाहायचं ते पाहिलं, माझं कार्ड एकाही एटीएमनं स्वीकारलं नाही आणि रोज संध्याकाळी वीज गेली. बस्स. आता हवानाच्या पश्चिमेला असलेल्या विन्यालेस गावाच्या रस्त्यावर जे झालं ते सांगतो, कारण हा सगळा लेख त्याच्यासाठीच आहे.

गाडी 1952 ची शेवरले. आकाशी रंग, ब्रशनं मारलेला. आत आम्ही दोघं, एक जर्मन जोडपं आणि वाटेत चढलेल्या एक शाळामास्तरीण बाई. चार खिडक्यांना मिळून काच खालीवर करायचं हँडल एकच. ते ड्रायव्हरच्या शर्टाच्या खिशात. काच खाली हवी असेल तर मागून घ्यायचं, फिरवायचं आणि परत करायचं. जर्मन बाईंना हे फार गोड वाटलं. मलाही, खोटं कशाला बोलू. हवानात मी अशा गाड्यांचे बेचाळीस फोटो काढले होते आणि 'इथे काळ थांबलाय' असं लिहून चार टाकलेही होते.

पिनार देल रिओकडे जाणारा महामार्ग रुंद आणि रिकामा. मधूनच एखादी घोडागाडी, पुलाच्या सावलीत नोटा हलवत लिफ्ट मागणारी माणसं. लास तेरासासचा फाटा मागं पडला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली.

वडिलांचं उद्यमनगरात गॅरेज होतं. त्यामुळं बॉनेट उघडल्यावर लांब उभं राहणं मला जमत नाही. आत पाहिलं आणि हसूच आलं. शेवरले फक्त पत्र्यापुरती. इंजिन टोयोटाचं, डिझेल. गिअरबॉक्सही तिथलाच. ब्रेक 'लाडा' या रशियन मोटारीचे. पंख्याच्या मागं कापलेल्या ट्यूबचं रबर पॅकिंग म्हणून बसवलेलं, आणि ते इतकं नेटकं कापलेलं की बाबांनी पाठ थोपटली असती. ब्रेक ऑइल कुठलं वापरतोस, असं विचारल्यावर ड्रायव्हरनं दोन्ही हातांनी डोकं चोळल्याचा अभिनय केला. शाम्पू! म्हणजे अगदीच अडल्यावर. बायकोनं हे मला भाषांतर करून सांगितलं आणि मग बराच वेळ ती गप्प होती, कारण पुढं विन्यालेसचा घाट होता.

रेडिएटरच्या वरच्या टाकीचा डाख सुटला होता. बोटभर चीर. डाख द्यायला ना गॅस, ना कथील. ड्रायव्हरनं डिकीतून साबणाची वडी काढली आणि चिरेवर घासायला लागला. आपल्याकडचे ट्रकवाले अशा वेळी रेडिएटरमध्ये हळद टाकतात, हे मी बायकोमार्फत सांगितलं. तो म्हणाला, आम्ही अंडं फोडून घालायचो. यावर मास्तरीणबाई मागच्या सीटवरून फिस्सकन हसल्या. अंड्यांचा एक ट्रे तीन हजार पेसोंना आणि त्यांचा महिन्याचा पगार पाच हजारांच्या आसपास. "रेडिएटरला अंडं? मग मलाच रेडिएटर म्हणून बसवा."

आता माझी सवय सांगतो, तिच्यावरून घरात कायम टोमणे असतात. प्रवासाला निघताना बॅगेत बांधायची तार, इन्सुलेशन टेप आणि एम-सीलचं एक पाकीट असतंच. बाबांचा नियम. वीस वर्षांत विमानतळावरच्या तपासणीपलीकडं त्याचा उपयोग झाला नव्हता.

टाकी थंड व्हायला अर्धा तास. चीर पॉलिश पेपरनं घासली, दोन्ही कांड्या एकत्र मळल्या. ड्रायव्हरनं पाकीट हातातून घेतलं, वास घेतला, मळलेल्या गोळ्यातला चिमूटभर स्वतःच्या बोटांत घेऊन दाबत राहिला. मग ओल्या अंगठ्यानं त्यानंच लावलं. मी लावलं असतं त्यापेक्षा चांगलं. आणि ते वाळायची वाट बघत आम्ही आंब्याच्या झाडाखाली बसलो.

तिथं त्यानं रेडिएटर नवीन का मिळत नाही ते सांगितलं. अमेरिकेच्या अध्यक्ष केनेडीनं फेब्रुवारी 1962 मध्ये क्यूबाशी व्यापार बंद केला तेव्हा याचा जन्मही झाला नव्हता. क्यूबाच्या सरकारी भाषेत त्याला 'ब्लोकेओ' म्हणजे नाकेबंदी म्हणतात. मला वाटायचं, अमेरिका देत नाही तर दुसरीकडून घ्या. तसं नाही. दुसऱ्या देशात बनलेल्या वस्तूतही 10 टक्क्यांहून जास्त अमेरिकी माल असेल तर अमेरिकेच्या परवान्याशिवाय ती क्यूबाला विकता येत नाही. 1992 च्या अमेरिकी कायद्यानं तर क्यूबाच्या बंदराला लागलेल्या जहाजाला पुढचे 180 दिवस अमेरिकी बंदरात माल चढवण्या-उतरवण्यासाठी मज्जाव केला. आता कुठला जहाजवाला चार कंटेनरसाठी तेवढं मोठं गिऱ्हाईक घालवेल? त्याच सुमाराला सोव्हिएत संघ बुडाला आणि लाडाचे पार्टही आटले. आज पार्ट येतात ते माणसांच्या सुटकेसमधून. पनामातून, मेक्सिकोतून आणि सगळ्यात जास्त कुठून? मायामीतून. ज्यांनी दार लावलं त्यांच्याच घरातून, नातेवाइकांच्या बॅगेत. कुणाचा तरी आतेभाऊ सामानात वॉटर पंप आणतो आणि इथं त्याची मुंजीसारखी वाट बघतात.

"इंडिया आमच्या बाजूनं मत देतो," मास्तरीणबाई म्हणाल्या. खरंय. संयुक्त राष्ट्रांत 1992 पासून जवळजवळ दरवर्षी ठराव येतो. नोव्हेंबर 2023 मध्ये 187 देश निर्बंध उठवा म्हणाले, विरोधात फक्त अमेरिका आणि इस्रायल. ड्रायव्हरनं हिशोब केला: 187 देश, आणि एकाकडंही रेडिएटर नाही.

पण मग त्यानं आवाज उतरवला. रस्त्यावर कुत्रं नव्हतं, तरी. ही गाडी त्याच्या आजोबांची. वडिलांनी ती विकून दुसरी का घेतली नाही? कारण 2011 पर्यंत क्यूबात सामान्य माणसाला मोकळेपणानं खरेदी-विक्री करता यायची ती फक्त 1959 च्या क्रांतीच्या आधीच्या गाड्यांची. बाकीच्यांना सरकारी परवानगी. आणि 2014 च्या जानेवारीत सरकारनं नव्या गाड्या खुल्या विकायला काढल्या तेव्हा प्युजो 508 ची किंमत लावली 2 लाख 62 हजार डॉलर. त्यानं हा आकडा बोटानं धुळीत लिहून दाखवला. शून्यं मोजून पाहा म्हणाला. दरवाजा वॉशिंग्टननं बाहेरून लावला आणि हवानानं आतून कडी घातली, अशा अर्थाचं तो काही बोलला नाही. ते माझ्या मनात आलं. तो फक्त आकडा पुसून उठला आणि नखानं एम-सील टोचून बघून आला.

बेचाळीस फोटोंची मला तिथं लाज वाटली. काळ थांबलेला वगैरे काही नव्हता. तो माणूस रोज सकाळी उठून ही गाडी नव्यानं बनवत होता, आणि मी तिच्या बाजूला उभा राहून गॉगल लावून हसलो होतो. हवानात त्याच्याशी पाच युरोंसाठी घासाघीसही केली होती, पंधरा मिनिटं. चार फोटो रात्रीच काढून टाकले. म्हणजे काढणार होतो, इंटरनेट नव्हतं. हवानाला परतल्यावर काढले.

विन्यालेसला पोचेपर्यंत पाण्याचा थेंब गळला नाही. घाटात बायकोनं माझा हात धरला होता, प्रेमानं नाही. ब्रेक लागले. ठरलेले पैसे त्यानं पूर्ण घेतले, अडीच तास उशिराबद्दल सूट वगैरे नाही, आणि ते मला बरं वाटलं. मग विचारलं, अजून आहे का ते? नव्हतं. रिकामं पाकीट मागून घेतलं, घडी घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवलं. किंमत विचारली. बायकोनं सांगितल्यावर त्याला वाटलं तिचं स्पॅनिश चुकलं.

निघताना त्यानं सिगारेटच्या पाकिटातला कागद फाडून त्यावर यादी लिहून दिली. परत आलात तर, किंवा तुमच्याकडचं कुणी येत असेल तर. एम-सील, दहा. हेडलाइटचा बल्ब, दोन. ब्रेक ऑइल, खरं. फॅनबेल्ट, एक, आणि त्याच्यापुढं बेल्टचा नंबर, दोनदा अधोरेखित. विन्यालेसमध्ये तीन दिवस तंबाखूची शेतं आणि डोंगर पाहिले. यादी पाकिटात आहे.